सोडून जाण्याची मुभा

नामांकित संस्थेत शिकणाऱ्या मुलाला 'तू तिथे सुखी आहेस का?' असं आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. 'कसं चाललंय?' असं विचारतात, आणि त्याचं उत्तर 'मस्त' असंच यायचं, हे दोघांनाही ठाऊक असतं. प्रवेश मिळाला त्या दिवशी पेढे वाटून झालेले असतात, क्लासच्या फ्लेक्सवर फोटो झळकलेला असतो, तालुक्याच्या पेपरात नाव आलेलं असतं. त्यानंतर सुखाची चौकशी करणं घरच्यांना अशुभ वाटतं आणि मुलाला कृतघ्नपणाचं. माझ्या मते हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि जिथे तो सर्वांत अवघड होतो तिथे विचारला पाहिजे. म्हणून मी तो लखनौच्या वृंदावन योजनेत विचारते आहे.

ही वसाहत उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने रायबरेली रोडलगत वसवली. तेलीबाग ओलांडलं की सेक्टरांचे आकडे सुरू होतात. २०२० च्या फेब्रुवारीत संरक्षण सामग्रीचं डेफएक्स्पो हे प्रदर्शन इथेच भरलं होतं. पण इथलं रोजचं जगणं चालतं ते संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या जिवावर. रिक्षावाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे तिला नुसतं 'पीजीआई' म्हणतात. १९८३ मध्ये राज्याच्या कायद्याने ती स्थापन झाली. एमबीबीएसच्या पुढचं शिक्षण देण्यासाठीच ती उभारली गेली आणि पदवी स्वतःची देते. मेडिकल जेनेटिक्समधला डीएम, एंडोक्राइन सर्जरीतला एमसीएच असे देशात अन्यत्र क्वचितच मिळणारे अभ्यासक्रम इथे आहेत. संस्थेचं ॲपेक्स ट्रॉमा सेंटर तर खुद्द वृंदावन योजनेत आहे; कोविडच्या साथीत त्याचंच कोविड रुग्णालय झालं होतं. आसपासच्या गल्ल्यांत भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या दिसतात. काही खोल्यांत पेशंटचे नातेवाईक राहतात आणि काहींत डॉक्टर, म्हणजेच या संस्थेचे विद्यार्थी.

'विद्यार्थी' म्हटल्यावर डोळ्यांसमोर विशीतलं पोर उभं राहतं. इथला विद्यार्थी तिशी ओलांडलेला असतो. हिशेब सरळ आहे. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, त्यावर तीन वर्षं डीएम. मधे नीटच्या तयारीत गेलेली आणि शासनाच्या बंधपत्रित सेवेत गेलेली वर्षं वेगळीच. लातूर पॅटर्नमधून निघालेली मुलगी इथे पोहोचते तेव्हा तिच्या शाळेतल्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागलेली असतात. २०२५ साली सुमारे २२ लाख मुलं नीटला बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आसपास. ही त्यातली पहिली चाळण. त्यानंतर नीट पीजी, त्यानंतर नीट एसएस. तीन चाळण्यांतून जे उरतात त्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत. देशातलं सर्वांत निवडक विद्यापीठीय शिक्षण कुठलं, असं मला कोणी विचारलं तर मी आयआयटीच्या आधी या शिक्षणाचं नाव घेईन.

माझी भाची इथे गॅस्ट्रोएंटरॉलॉजीत डीएम करते. मूळची उदगीरची. मी तिच्याकडे राहायला येते तेव्हा घरात माझाच वावर अधिक असतो, तिचा कमी. एकदा रात्री जेवताना मी तिला सरळच विचारलं, "तू इथे सुखात आहेस का गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मला अभिमान वाटतो." मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "काम आवडतं. बाकीचं विचार करायला वेळ नसतो."

हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, कारण सुखाबद्दल विचारलं की निवडक संस्थांतली मुलं बहुधा अभिमानाबद्दल सांगतात. अभिमान खोटा नसतो. पण त्यातला मोठा वाटा दुसऱ्यांचा असतो: आईवडिलांचा, गावाचा, क्लासवाल्यांचा आणि पुढे कधीतरी येणाऱ्या भविष्याचा. सुख मात्र आजचं आणि स्वतःचं असावं लागतं. संस्था नावाच्या रूपाने अभिमान देते आणि बदल्यात आजचा दिवस मागून घेते. हा सौदा न्याय्य असू शकतो. पण तो अर्ध्यात मोडायची मुभा दोन्ही बाजूंना नसेल तर त्याला सौदा म्हणता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. निवडक संस्थेतला विद्यार्थी सुखी आहे की नाही, हे तिथल्या इमारती, समुपदेशक, जिम किंवा योगदिनावरून ठरत नाही. अभ्यास किती कठीण आहे यावरूनही फारसं ठरत नाही. दोन गोष्टींवरून ठरतं. वरच्या माणसाला 'नाही' म्हटलं तर काय होतं? आणि सगळं सोडून निघून जायचं ठरवलं तर काय मोजावं लागतं? संस्था जितकी मोठी, तितकी या दोन्ही गोष्टींची किंमत चढत जाते.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा अहवाल २०२४ मध्ये दिला. ऑनलाइन पाहणीत २५ हजारांहून अधिक एमबीबीएसचे आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले. आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं एमबीबीएसच्या सुमारे १६ टक्के मुलांनी सांगितलं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या घरात गेलं. त्यांतल्या ४५ टक्क्यांनी आठवड्याला ६० तासांहून अधिक काम असल्याचं नोंदवलं. पाहणी स्वेच्छेने भरायची होती, त्यामुळे ज्यांना दुखतंय त्यांनी अधिक संख्येने ती भरली असेल, हे मान्य करू. तरी शिक्षणाची पायरी चढावी तशी निराशा दुप्पट व्हावी, हे साधं नाही. या मुलांनी आयुष्यात हवं ते मिळवलं आहे, आणि तेच मिळाल्यावर त्यांना जगावंसं वाटेनासं होतं.

याचं पहिलं कारण म्हणून सगळे कामाच्या तासांकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठी जे निर्देश काढले त्यांत सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याचं काम ४८ तासांच्या आसपास असावं आणि आठवड्याला एक सुट्टी असावी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हे १९९२ सालचं. आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत या आकड्यांच्या जागी 'वाजवी तास' आणि 'वाजवी विश्रांती' एवढंच आलं. कृतिगटाने २०२४ मध्ये कमाल ७४ तासांची शिफारस केली आणि तीही सुधारणा म्हणून. बत्तीस वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो आणि त्याला पुढचं पाऊल म्हणतो आहोत.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जिच्यावर बलात्कार झाला आणि जिचा खून झाला, ती पदव्युत्तर विद्यार्थिनी होती. लांबलेल्या ड्यूटीत थोडं टेकायला ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती, कारण टेकायला दुसरी जागा नव्हती. सुरक्षेची चर्चा त्यानंतर देशभर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ती मुलगी त्या वेळी विद्यार्थिनी म्हणून तिथे होती, आणि तिच्या विद्यापीठाने तिला झोपायला पलंग दिलेला नव्हता, यावर आपण फारसे थांबलो नाही. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांच्या मार्ड या संघटनेचे संप होतात तेव्हा मागण्यांच्या यादीत वसतिगृहाच्या खोल्या हमखास असतात. डॉक्टर झालेल्या माणसाने खोलीसाठी संप करावा लागणं आपल्याला आता नेहमीचं वाटू लागलं आहे.

ज्येष्ठ डॉक्टरांचं यावरचं उत्तर मला पाठ आहे: आम्हीही असेच शिकलो, पेशंट घड्याळ बघून येत नाही, कमी तास काम करून हात बसत नाही. यातलं शेवटचं वाक्य गांभीर्याने घ्यायला हवं, कारण ते प्रामाणिक आहे. शल्यकर्म पुस्तकातून येत नाही. पण जगात याचा पडताळा घेतला गेला आहे. न्यू यॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही तरुणी रुग्णालयात दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर किती तास जागे होते, हा प्रश्न तिच्या वडिलांनी लावून धरला. त्यातून १९८९ मध्ये त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २००३ पासून ती अमेरिकाभर लागू झाली. युरोपात हीच मर्यादा ४८ तासांची आहे, आणि युरोपातले सर्जन काही हात न बसलेले नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या शल्यचिकित्सा निवासींवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८० तासांची मर्यादा दोन्ही गटांना होती. फरक होता एका पाळीच्या लांबीचा. पाळ्या लांबवल्याने रुग्णांचं नुकसान झालं नाही, असं त्यात दिसलं, आणि आपल्याकडचे काहीजण हा निष्कर्ष हौसेने सांगतात. त्याच अभ्यासात लांब पाळ्यांच्या गटाने घर, विश्रांती आणि स्वतःची तब्येत यांवर वाईट परिणाम झाल्याचं सांगितलं होतं, आणि पाळ्या आखडत्या घेतल्यामुळेही रुग्णांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे दोन्हीपैकी काहीही निवडता येत असताना आपण माणसाला झिजवणारं निवडतो.

तरीही तास हे पूर्ण उत्तर नाही. ते असतं तर पवईच्या आयआयटीतल्या मुलांनी आनंदात असायला हवं होतं.

आयआयटी मुंबईत विद्यार्थ्याच्या हातात वेळ असतो. तलाव आहे, टेकडी आहे, मूड इंडिगो आहे, रात्री दोनला कॅन्टीनमध्ये रंगणाऱ्या गप्पा आहेत. तिथून बाहेर पडलेल्यांना विचारा, ते विंगबद्दल सांगतील: एका मजल्यावरच्या आठदहा खोल्या, उघडी दारं, आयुष्यभर टिकलेली मैत्री. हे सुख खरं आहे आणि ते पुष्कळांना मिळतं. पण त्याच आवारात १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याने जीव दिला. पुढे त्याच वर्षी संस्थेने सूचना काढली की विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईईची रँक किंवा गेटचे गुण विचारू नयेत, कारण त्यातून जात विचारली जाते. ही सूचना मला फार बोलकी वाटते. 'तुझी रँक किती?' हा तिथला ओळखीचा पहिला प्रश्न होता, हे त्यात कबूल केलेलं आहे. प्रवेश परीक्षा संपली तरी ती संपत नाही. पुढे तिचं सीपीआय होतं, मग विभागातला क्रमांक, मग १ डिसेंबरला सुरू होणारं प्लेसमेंट. आयुष्यभर वर्गात पहिली आलेली मुलं एका वर्गात आणून बसवली की त्यांतल्या निम्म्यांना निम्म्याच्या खाली जावंच लागतं. ते गणितच आहे, त्यात कोणाचा दोष नाही. दोष आहे तो त्या खालच्या निम्म्यांना दुसरी वाट न दाखवण्यात. आयआयटी सोडून आलेल्या मुलाबद्दल आपल्याकडे आवाज खाली आणून बोलतात. पंतांच्या घरात असो, नाहीतर पाटलांच्या, 'तो परत आला' हे वाक्य आजारपणाची बातमी द्यावी तसं सांगितलं जातं. त्या मुलाला हे ठाऊक असतं, म्हणून तो परत येत नाही.

म्हणजे पवईत वेळ आहे पण परतीची वाट लाजेने बंद आहे. वैद्यकीय शिक्षणात तर ती लाजेच्या जोडीला पैशानेही बंद केलेली आहे. पदव्युत्तर जागा मधेच सोडली तर भरायची रक्कम, 'सीट लिव्हिंग बाँड', हा प्रकार अनेक राज्यांत आहे आणि ती रक्कम लाखांत असते. पदवीनंतर ग्रामीण सेवा करण्याचा बंध वेगळा. त्याच्यामागे समाजाचा हक्क आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. जनतेच्या पैशावर शिकलेल्याने जनतेची वर्षभर सेवा करावी, यात काही चूक नाही. पण सीट लिव्हिंग बाँडमध्ये दंड आहे तो शिकणं थांबवण्याबद्दल. आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना हा बंध काढून टाकायला सुचवलं आणि त्याऐवजी वर्षभर प्रवेशबंदी पुरेशी मानली. सुचवलं एवढंच. आणि तरीही, माहिती अधिकारात आयोगाकडूनच मिळालेल्या माहितीनुसार पाच वर्षांत १,११७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मधेच शिक्षण सोडलं. एमबीबीएस सोडणारे त्याच काळात १५३ होते. याच पाच वर्षांत १२२ वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांत ५८ पदव्युत्तर. जे सोडून गेले त्यांना मी धडधाकट समजते. ते जगले.

'नाही' म्हणण्याचं काय, हे समजायला पदव्युत्तर परीक्षेची रचना पाहावी लागते. प्रबंध मान्य झाल्याशिवाय विद्यार्थी परीक्षेला बसू शकत नाही, आणि त्यावर गाईडची सही लागते. प्रात्यक्षिकाला साधारणतः चार परीक्षक असतात, त्यांतले दोन आपल्याच महाविद्यालयातले. जो माणूस ड्यूटी लावतो तोच रजा मंजूर करतो, तोच प्रबंधावर सही करतो आणि परीक्षेच्या दिवशी टेबलाच्या पलीकडे तोच बसलेला असतो. अशा माणसाला चोविसाव्या तासाला 'सर, आता मी घरी जातो' असं कोण सांगेल?

भाचीचं एमडी महाराष्ट्रातल्या एका सरकारी महाविद्यालयात झालं. प्रबंध टाइप होऊन, बांधून तयार होता. त्यावर सही व्हायला तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी ओपीडी संपल्यावर ती निळ्या कव्हरची ती प्रत घेऊन केबिनबाहेर उभी राहायची, आणि 'उद्या' ऐकून परत यायची. कारण तिला ठाऊक होतं: तिने भावाच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा मागितली होती. कोणी तिला ओरडलं नाही, कोणी अपशब्द वापरला नाही. तक्रार करावी तर कशाची? सही उशिरा झाली याची? ती शेवटी झालीच. पण ते तीन आठवडे ती आमच्याशी फोनवर फक्त जेवणाबद्दल बोलायची. छळ हा शब्द उच्चारला की आपल्याला रॅगिंग आठवतं, आणि रॅगिंगविरोधी समितीचे फलक सगळीकडे लागलेलेही असतात. सत्ता मात्र बहुतेक वेळा अशी सभ्यपणे, पेनाचं टोपण न उघडता वापरली जाते. आणि ज्याच्या मागे घराणं नाही, शहर नाही, जात नाही, त्याच्यावर ती जास्त वापरली जाते. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवीने जीव दिला. जळगावची, आदिवासी समाजातली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, अटका झाल्या आणि तिच्या आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 'नाही' म्हणण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते, हे त्या प्रकरणाने महाराष्ट्राला दाखवलं.

याच लखनौत एका मराठी माणसाने गाण्याच्या शिक्षणात गुरूच्या सत्तेच्या नेमक्या या प्रश्नाला हात घातला होता. विष्णू नारायण भातखंडे हे वाळकेश्वरचे, पेशाने वकील. गाण्याची विद्या उस्तादांच्या मर्जीवर अडकलेली आहे, हे त्यांनी देशभर हिंडून पाहिलं. चीज शिकवायची की नाही, अस्ताई दिली तर अंतरा द्यायचा की नाही, कधी द्यायचा, हे सगळं एका माणसाच्या मनावर. शागिर्दाने पाय चेपायचे आणि वाट पाहायची. भातखंड्यांनी बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत उतरवल्या, मराठीतून क्रमिक पुस्तकमालिका काढली आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं केलं. आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. अभ्यासक्रम, इयत्ता, परीक्षा. कॉलेजातून गवई तयार होत नाहीत, अशी टीका तेव्हा झाली आणि अजूनही होते. पण श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे प्राचार्य झाले, आणि बैलहोंगलहून अकरा वर्षांचा के. जी. गिंडे त्यांच्याकडे राहायला आला. गुरूच्या घरातली माया होती, आणि विद्या छापलेलीही होती. गुरू रुसला म्हणून राग हरवणार नव्हता. आधुनिक शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याला दिलेलं मूळ वचन हेच आहे: तुझं शिकणं कोणा एकाच्या लहरीवर राहणार नाही. आपण आपल्या सर्वांत नामांकित संस्थांत ते वचन मोडून बसलो आहोत. उस्तादाने बांधलेला गंडा गेला आणि त्याच्या जागी सही आली.

यावर एक आक्षेप असा की, एवढंच वाईट असतं तर मुलं इथे येण्यासाठी जिवाचं रान कशाला करतात? ते सगळीकडे करत नाहीत. अतिविशेष, म्हणजे डीएम-एमसीएचच्या, शिक्षणाच्या शेकडो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर चिंता व्यक्त केली आहे. हृदयशस्त्रक्रिया, बालशल्यचिकित्सा या शाखांत घेणारे मिळत नाहीत. देशाला बालशल्यचिकित्सकांची गरज नाही असं कोण म्हणेल? प्रवेशाच्या समुपदेशनाची फेरी सुरू झाली की हजारो मुलं आपल्या वरच्या बॅचला फोन लावतात. कोणतं युनिट टॉक्सिक, कुठे पोस्ट-ड्यूटी ऑफ मिळतो, कुठे टर्म वाढवतात, कुठे सही अडवतात. ही खरी माहितीपुस्तिका आहे, आणि ती कुठेही छापलेली नाही. सुखाबद्दलचा विद्यार्थ्यांचा निकाल या फोनांतून लागतो, आणि रिकाम्या जागांच्या यादीतून तो सरकारपर्यंत पोहोचतो. सरकार त्यावर उपाय म्हणून पात्रतेचे पर्सेंटाइल खाली आणतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून मांडते, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका रात्री भाची साडेदहाला घरी आली ती चेहरा उजळूनच. गोंड्याकडचा एक म्हातारा आला होता, पित्तनलिकेत खडा अडकलेला, ताप १०३, कावीळ, शुद्ध हरपत चाललेली. ईआरसीपी करायची होती आणि सरांनी दुर्बीण तिच्या हातात दिली. दुर्बीण तोंडातून जठर ओलांडून आतड्यात न्यायची, पित्तनलिकेचं ते तांदळाएवढं तोंड शोधायचं आणि त्यात तार सरकवायची. तार दोनदा निसटली. सर शेजारी उभे होते, त्यांनी दुर्बीण परत मागितली नाही, फक्त म्हणाले, "थोडा ऊपर से." तिसऱ्यांदा तार आत गेली, फुग्याने खडा ओढला आणि अडलेलं काळपट पित्त आणि पू पडद्यावर भळाभळा वाहताना दिसला. रात्रीपर्यंत म्हाताऱ्याचा ताप उतरला. हे सांगताना तिने अर्धी पोळी हातातच धरली होती आणि जेवायचं विसरली होती. त्या रात्री 'तू सुखी आहेस का' हा प्रश्न विचारायची मला गरज वाटली नाही.

पण हे सुख कशातून आलं तेही पाहावं. थकव्यातून ते आलं नाही. सरांनी दुर्बीण परत मागितली नाही, यातून आलं. दोनदा चुकायची मुभा होती आणि शेजारी जाणतं माणूस उभं होतं. कष्टाने माणूस घडतो असं म्हणणारे कष्ट आणि भीती यांची गल्लत करतात. त्या संध्याकाळी कष्ट पुरेपूर होते, भीती नव्हती. असे शिक्षक देशातल्या प्रत्येक मोठ्या संस्थेत आहेत, आणि विद्यार्थी त्यांचं नाव आयुष्यभर काढतात. मात्र चांगला शिक्षक मिळणं हा नशिबाचा भाग राहिला, तर मुलीला चांगलं सासर मिळावं म्हणून देवाला हात जोडण्यापलीकडे आपण काही केलेलं नाही. नियम असतात ते वाईट नशिबासाठी.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ च्या निकालात उच्च शिक्षणसंस्थांतल्या आत्महत्यांवर राष्ट्रीय कृतिदल नेमलं, निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रात. त्यामुळे या कृतिदलाकडे सर्वाधिक आशेने आपण पाहायला हवं. माझी भीती अशी की शेवटी पुन्हा समुपदेशकांची संख्या वाढवा, हेल्पलाइनचे फलक लावा, एवढंच हाती येईल. समुपदेशक हवेतच. पण ज्याची सही अडवून धरली आहे त्याला समुपदेशक काय सांगणार? दीर्घ श्वास घे?

उपाय फार मोठे नाहीत आणि बहुतेकांना पैसाही लागत नाही. गाईड आणि परीक्षक एकच नको. प्रबंधावरच्या सहीला मुदत हवी. मुदतीत सही नाही झाली तर प्रबंध विद्यापीठाकडे आपोआप जावा. ड्यूटीचे तास विद्यार्थ्याने नव्हे, दरवाजावरच्या यंत्राने नोंदवावेत आणि दर महिन्याला जाहीर व्हावेत. सीट लिव्हिंग बाँड कायद्याने रद्द व्हावा. शाखा किंवा संस्था बदलण्याची एक संधी पहिल्या वर्षाअखेर मिळावी. यांतल्या बदलाच्या संधीला सर्वांत जास्त विरोध होईल, कारण ती मिळाली तर कोणत्या युनिटमधून किती मुलं पळाली हे उघड होईल. पैसा लागेल तो फक्त खाटांना आणि खोल्यांना.

आणि आईवडिलांनो, विशेषतः लातूर, नांदेड, कोटा असा प्रवास करून मुलांना इथवर आणणाऱ्यांनो, तुमच्याकडे एक गोष्ट मागायची आहे. प्रत्येक संस्था संकेतस्थळावर आपला क्रमांक, निधी, शोधनिबंध लिहिते. तिने आणखी तीन आकडे लिहावेत असा आग्रह धरा: गेल्या पाच वर्षांत किती विद्यार्थी मधेच सोडून गेले, किती जणांची टर्म वाढवली गेली, आणि सोडून गेलेल्यांकडून किती रुपये वसूल झाले. पीजीआयने लिहावेत, एम्सने लिहावेत, मुंबईच्या केईएम-नायरने आणि आपल्या जिल्ह्याच्या सरकारी महाविद्यालयाने लिहावेत. पसंतीक्रम भरायच्या आधी ते वाचा. आणि मुलाला त्याच दिवशी, पेढ्यांचा बॉक्स फोडायच्या आधी, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर सांगा की तिथे नाही जमलं तर घरी ये, पैसे मी भरीन.